कुशलच्या डोक्यावरची खपली

शिरगावच्या कुशल चुरीचा आवाज डहाणूपासून सफाळ्यापर्यंत लोक डोळे मिटून ओळखत. कबड्डीचे सामने कुठल्याही गावचे असोत, माइक त्याच्या हातात आला की मैदान भरायचं. चढाईला निघालेला खेळाडू मध्यरेषा ओलांडायच्या आत त्याचं नाव, गाव, गेल्या वर्षी त्याने कुठल्या मैदानावर कोणाला लोळवलं, हे सगळं याच्या जिभेवर हजर. आठवड्याचे बाकीचे दिवस तो तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायचा. तिथेही त्याचं बोलणं थांबत नसे, पण तिथे ऐकणारे चारच.

आवाजाला कधी कोणी नावं ठेवली नाहीत. अडचण झाली ती चेहऱ्याची. सामने मोबाइलवर थेट दिसायला लागले आणि कॅमेरा अधूनमधून समालोचकाच्या टेबलाकडे वळू लागला. खाली लोक लिहीत, 'काकांचा आवाज एक नंबर. दिव्याचा उजेड त्यांच्या डोक्यावरून परत मैदानात येतो.' कुशल तेव्हा चौतीस वर्षांचा. आवाजाचं कौतुक त्याने वाचलंच नाही, 'काका' तेवढं वाचलं.

त्याच्या वडिलांना, तात्यांना, पस्तिशीच्या आतच टक्कल पडलं होतं आणि नारळ-केळीच्या वाडीत राबताना त्यांना त्याचा विचार करायला कधी सवड मिळाली नव्हती. "सारखा आरशात काय बघतस?" ते म्हणत. "आपल्या घरात कोणाचं केस टिकलं नाय. कोणाचं काय अडलं?"

कुशलचं अडत होतं. दिवाळी झाल्यावर तो बोईसरला गेला. तिथे मोबाइलच्या दुकानांच्या वर, दुसऱ्या माळ्यावर, केस लावून देणारं नवं सेंटर उघडलं होतं. मेहुल नावाचा तरुण व्यवस्थापक सगळं बघायचा. कुशलने तोंड उघडताच तो खुर्चीतून उठला. "अरे, तुम्ही ते कबड्डीवाले! सर, तुम्ही आमच्याकडे आलात, आमचं भाग्य." पुढचं सगळं सोपं झालं. मागच्या केसांची मुळं काढून पुढे लावायची, एका दिवसाचं काम, दोन-तीन दिवसांत कामावर.

घरी आल्यावर स्नेहलने, त्याच्या बायकोने, एकच प्रश्न विचारला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि उत्तर अर्धवट आलं की पुन्हा विचारायची तिला सवय होती.

"डॉक्टर कोण आहेत?"

"मोठे आहेत. मुंबईहून येतात."

"नाव काय?"

"अगं, नाव घेऊन काय करायचंय? त्यांनी हजारो लोकांचं केलंय."

"हजारो लोकांना तरी नाव माहीत असेल," स्नेहल म्हणाली. कुशल चिडला, आणि तो चिडला की तिला कळायचं की त्याला उत्तर माहीत नाही. पण तारीख ठरली होती.

शनिवारी सकाळी नऊला तो आडवा झाला. तोंडाला मास्क लावलेले एक गृहस्थ आले, पेनाने कपाळाच्या वर एक रेघ ओढली, "छान होईल" म्हणाले आणि दहा मिनिटांत गेले. ते पुन्हा दिसले नाहीत. मग संध्याकाळी सहापर्यंत दोन तंत्रज्ञ त्याच्या डोक्यावर काम करत राहिले. सुया टोचत, मुळं काढत, मुळं रोवत. "भाईसाब, सर मत हिलाओ," एवढंच त्यांचं बोलणं. एकदा कुशलने विचारलं, "कितने लगाओगे?" तर उत्तर आलं, "जितने बैठेंगे. एकदम घना कर देंगे."

दुपारच्या सुट्टीत मेहुल मोबाइल घेऊन आला. "सर, दोन शब्द?" समोर कॅमेरा दिसला की गप्प बसणं कुशलला जन्मात जमलं नव्हतं. डोकं बधिर, अंगावर हिरवा कपडा, आणि हा खणखणीत आवाजात सुरू झाला, "मंडळी, आजची चढाई मैदानावर नाही, माझ्या डोक्यावर! दुखत नाही, खुपत नाही. मी केलं, तुम्हीही या!" तंत्रज्ञसुद्धा हसले.

संध्याकाळी घरी निघताना त्याने टपरीवर दोन सिगरेटी ओढल्या. ओढू नको असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ओढतोस का, असंही कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कपाळ सुजलं, तिसऱ्या दिवशी सूज डोळ्यांवर उतरली. तेवढं होतं, असं त्याच्या हातातल्या कागदावर लिहिलंच होतं. चौथ्या दिवशी मात्र कपाळाच्या वर, अगदी मधोमध, रुपयाएवढी जागा जांभळट दिसायला लागली. बाकीच्या डोक्याला हात लावला की हुळहुळायचं. तिथे काहीच कळत नव्हतं. त्याने फोटो काढून मेहुलला पाठवला. लगेच उत्तर आलं, 'नॉर्मल आहे सर, खपली आहे. पाणी मारा.' सोबत हसरा चेहरा.

सहाव्या दिवशी जांभळं काळं झालं. काळ्याच्या कडेने पिवळं पाणी झिरपू लागलं आणि उशीच्या अभ्र्याला वास यायला लागला. अंगात कणकण होती. कुशल अजून म्हणत होता, "खपलीच आहे." स्नेहलने त्याला ओट्यावर, उन्हात बसवलं आणि मोबाइल बाजूला ठेवून स्वतःच्या डोळ्यांनी नीट पाहिलं. तात्या शेजारी उभे होते. त्यांनी वाकून एकदाच बघितलं.

"हे सडतंय," तात्या म्हणाले. "केळीचा कोंब असा काळा पडला तर मी वाट बघत बसत नाय."

त्या दुपारीच स्नेहलने त्याला पालघरला नेलं. डॉक्टर मेघाली त्वचारोगतज्ज्ञ होत्या, वय चाळिशीच्या आतबाहेर, बोलणं थोडं आणि स्पष्ट. त्यांनी दिवा ओढून घेतला, हातमोजे घातले आणि कडेकडेने दाबत विचारलं, "इथे कळतं? इथे? इथे?" तिसऱ्या 'इथे'ला कुशल गप्प राहिला.

"सिगरेट?"

"दिवसाला चार-पाच."

"शस्त्रक्रियेनंतर?"

"ओढली."

"आजपासून बंद." रागाने नाही, जेवणानंतरची गोळी सांगावी तसं त्या म्हणाल्या. मग खुर्ची ओढून समोर बसल्या. "ही खपली नाही. या जागेची कातडी मेली आहे. थोड्याशा जागेत सुयांची भोकं इतकी जवळजवळ पाडली आहेत की खालचं रक्त वर पोहोचलंच नाही. सिगरेटने रक्तवाहिन्या आणखी आवळल्या. आता त्यात पू झाला आहे."

 कुशल माणूस शब्दांवर जगणारा, पण त्याला एवढंच विचारता आलं, "डोकं... म्हणजे आत काही?"

"आत काही नाही. तुम्ही आज आलात. आणखी आठवडाभर पाणी मारत बसला असता तर मी एवढ्या खात्रीने बोलले नसते." त्यांनी पुवाचा नमुना घेतला. "तीन दिवस दवाखान्यात राहा, शिरेतून औषध देऊ. मग रोज पट्टी. काळा भाग मी आत्ता कापणार नाही, तो आपोआप सुटेल. बरे होणार तुम्ही. बाकीचे केस किती धरतील ते सहा-आठ महिन्यांत कळेल. पण या रुपयाएवढ्या जागेत केस येणार नाहीत, हे मी आजच सांगते. खोटी आशा देणार नाही."

विचित्र गोष्ट अशी की हे ऐकून कुशलला बरं वाटलं. सहा दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी त्याला सरळ उत्तर दिलं होतं.

तीन दिवसांत ताप उतरला. पुवाच्या तपासणीचा निकाल आला, त्याप्रमाणे डॉक्टरांनी औषध बदललं आणि वास गेला. घरी आल्यावर स्नेहल रोज सकाळी शाळेत जाण्याआधी पट्टी बदलायची. डॉक्टरांनी दाखवलं होतं तसंच, तेवढ्याच सावकाश.

अशाच एका गुरुवारी सकाळी पट्टी चालू असताना फोन वाजला. जव्हारकडचा कमलेश होता. कमलेश म्हणजे चोवीस वर्षांचा चढाईपटू. डोंगरातल्या पाड्यावर घरची थोडी नाचणी-वरईची शेती, आणि पाय असे की कुशलने स्वतः भर मैदानात सांगितलं होतं, 'या पोराला पकडायचं तर आधी त्याची सावली पकडा.'

"कुशलदादा, रविवारी मी बोईसरला येतोय. तुमी केलं ना, त्याच सेंटरला. नंबर लागला माझा."

कुशलच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. "तुला कोणी सांगितलं?"

"तुमीच! व्हिडिओ बघितला ना आमी. पाड्यावर सगळ्यांनी बघितला."

"कमलेश, ऐक. जाऊ नको. माझं बिघडलंय तिथे."

 पलीकडे कमलेश हसला. "दादा, चेष्टा करता? तुमी तर त्यात हसत हाव." आणि 'चेष्टा नाही' हे पूर्ण व्हायच्या आत रेंज गेली. दिवसभर कुशल फोन लावत राहिला. शुक्रवारीही लावला. प्रत्येक वेळी तोच यांत्रिक आवाज.

त्याने तो व्हिडिओ उघडला. आजवर त्याच्या कुठल्याच सामन्याला एवढे लोक लाभले नव्हते. खाली विचारणा होत्या, पत्ता सांगा, नंबर सांगा. आणि मध्ये तो, हिरव्या कपड्यात, हसतमुख. त्याने मेहुलला लिहिलं, 'व्हिडिओ काढून टाका.' मेहुलने वाचलं आणि उत्तर दिलं नाही.

"माझ्या तोंडाने गेलेली गोष्ट आहे," कुशल स्नेहलला म्हणाला. "परत आणायची तर मलाच जायला पाहिजे."

"पट्टी तिथेच सोडावी लागेल," स्नेहल म्हणाली. "नुसतं बोलून कोणी ऐकणार नाही. मी नव्या पट्टीचं सामान घेते."

रविवारी सकाळी दोघं शिरगावहून रिक्षाने पालघरला आणि तिथून इको गाडीने बोईसरला आली. दुसऱ्या माळ्यावर काचेचं दार, आत गार हवा, भिंतीवर मोठा टीव्ही. आणि टीव्हीवर कुशलच बोलत होता. त्याच्याखाली चौघं बसले होते. दोघं कारखान्यातले कामगार, एक पन्नाशीचे गृहस्थ, आणि कोपऱ्यात, टोपी घातलेला कमलेश.

डोक्याला पांढरी पट्टी बांधलेला कुशल टीव्हीखाली जाऊन उभा राहिला. वर एक कुशल, खाली एक कुशल. कमलेश उठून उभाच राहिला. "दादा?"

"बस," कुशल म्हणाला. मग आतल्या दाराकडे वळून त्याने हाक मारली. मैदानाच्या पार टोकाला पोहोचेल अशी. "मेहुल!"

मेहुल धावत आला. "सर! या ना आत, केबिनमध्ये बोलू."

"इथेच बोलू. एकच प्रश्न आहे. आज या चौघांचं काम करणार ते डॉक्टर कोण?"

"सर निघालेत मुंबईहून..."

"नाव?"

मेहुलने ओठ चाटले. स्नेहलने कुशलकडे पाहिलं. तिला हसू आलं असतं, पण ती वेळ नव्हती.

"माझ्या वेळी ते दहा मिनिटं आले होते," कुशल त्या चौघांकडे वळून बोलू लागला. आवाज चढवला नाही. चढवायची गरजच नव्हती. "रेघ मारली आणि गेले. पुढचे नऊ तास सुई कोणाच्या हातात होती, मला माहीत नाही. यांनी मला विचारलं नाही की सिगरेट ओढतो का. डोकं काळं पडलं तेव्हा सांगितलं, पाणी मारा. वर जो बोलतोय तोही मीच आहे. तो खोटं बोलत नव्हता. त्याला काही माहीतच नव्हतं. स्नेहल, सोड."

स्नेहलने पट्टी सोडली. कपाळाच्या वर, लालसर कातडीच्या मधोमध, ती काळी, कडक चकती.  एक कामगार जवळ आला, वाकून बघितलं, "अरे बाप रे" म्हणाला आणि सोबत्याचा हात धरून सरळ जिन्याकडे निघाला.

"हे बघा, ही बदनामी आहे!" मेहुलचा आवाज चिरका झाला. "आम्ही कायदेशीर कारवाई करू. हजारांत एखादी केस बिघडते. सर, मी तुम्हाला पुन्हा मोफत करून देतो, मग तर झालं?"

"कारवाई करा," कुशल म्हणाला. "तेव्हा तरी डॉक्टरांचं नाव कागदावर लिहावं लागेल."

कमलेश हळूहळू पुढे आला. "दादा, पण माझं तर करायलाच पाहिजे. पोरं हसतात." त्याने टोपी काढली. कानामागे आणि टाळूवर दोन गोल, गुळगुळीत चकत्या, बाकी सगळीकडे दाट काळे केस.

स्नेहलने पाहिलं आणि ती मेहुलकडे वळली. "हे टक्कल आहे? याला चाई म्हणतात. माझ्या शाळेत दोन मुलींना झाली होती, औषधाने गेली. यावर तुम्ही मुळं रोवणार होतात?"

 कमलेशने टोपी घातली आणि कुशलच्या मागे येऊन उभा राहिला.

पन्नाशीचे गृहस्थ मात्र जागचे हलले नाहीत. दिनानाथ त्यांचं नाव, नवापूरचे. "तुमचं बिघडलं, वाईट झालं," ते म्हणाले. "पण माझ्या मेव्हण्याचं इथंच झालं, झकास आहे. मी सिगरेट ओढत नाय. मी बसतो." कुशलने त्यांना आणखी दोनदा सांगून पाहिलं. मग आपला नंबर चिठ्ठीवर लिहून त्यांच्या हातात दिला. "काही वाटलं तर पहिल्या दिवशी फोन करा. सहाव्या दिवशी नको." त्यांनी चिठ्ठी खिशात टाकली, बहुधा त्याच्या समाधानासाठी.

सोमवारी कमलेश डॉक्टर मेघालींपुढे बसला. त्यांनी चकत्यांवरून बोट फिरवलं आणि हसल्या. "खेळाडू आहेस ना? मग घाबरायचं नाही. चकतीत बारीक इंजेक्शनं देते, महिन्यातून एकदा. तुझी मुळं जिवंत आहेत, फक्त झोपली आहेत." त्याच दिवशी कुशल आणि स्नेहलने तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली. पावती, मेहुलचे संदेश, डॉक्टरांचा अहवाल, फोटो, सगळं जोडून. 

मग त्याने नवा व्हिडिओ केला. ओट्यावर बसून, पट्टी सोडून, कोणत्याही सेंटरचं नाव न घेता. करायचं तर करा, पण डॉक्टरांचं नाव विचारा, शेवटपर्यंत सुई कोणाच्या हातात राहणार ते विचारा, काही काळं-जांभळं दिसलं तर त्याच दिवशी कातडीच्या डॉक्टरकडे जा. पहिला व्हिडिओ जितक्यांनी पाहिला त्याच्या दहाव्या हिश्शानेही हा पाहिला नाही. पण त्यातल्या तेरा जणांनी फोन केले, आणि कुशल प्रत्येकाशी अर्धा-अर्धा तास बोलला. बोलायचा त्याला कंटाळा नव्हताच.

तपासणीला आरोग्य खात्याची माणसं गेली तेव्हा सेंटरमध्ये डॉक्टर नव्हते आणि दाखवायला कागदही नव्हते. दार बंद झालं, पाटी उतरली. कोणी म्हणे मेहुलने वापीला नवं उघडलंय. खरं-खोटं कुशलला कळलं नाही.

काळी चकती चोविसाव्या दिवशी सुटली. खाली नवी, गुलाबी कातडी होती. तात्यांनी चष्मा लावून ती तपासली. "मूळ धरलंय," ते म्हणाले आणि वाडीत निघून गेले.

जानेवारीत नवापूरच्या मैदानावर सामने लागले. वारा खारा, ऊन सोसवेल असं, सकाळपासून गर्दी. कॅमेरावाल्याने विचारलं, "दादा, बाजूने घेऊ का?" कुशल म्हणाला, "समोरून घे. मान वळवून बोललो तर आवाज बसतो." त्याचा डाग उन्हात चकाकत होता आणि त्याच्या मागे नवे केस कुठे दाट, कुठे विरळ उगवत होते. खाली लोकांनी काय लिहिलं ते त्याने त्या दिवशी उघडून पाहिलं नाही. सवडच नव्हती. कमलेश चढाईला गेला होता, टोपीशिवाय. त्याच्या चकत्यांवर आधी पांढरी, मऊ लव आली होती आणि आता तिच्यात काळे केस दिसायला लागले होते. एका चढाईत त्याने तिघांना बाद केलं आणि कुशलने त्याचं नाव असं घेतलं की किनाऱ्यावर जाळी विणणाऱ्यांनी माना वर केल्या.

मध्यंतराला दिनानाथ टेबलाशी आले. डोक्यावर रुमाल, नजर खाली. "तुमची चिठ्ठी जपून ठेवलेली," ते म्हणाले. "ते डॉक्टर आलेच नाय त्या दिवशी. पण त्या पोरांनी केलं काम. आता मागं, मुळं काढली तिथं, फोड येतात. कालपासून खाजतं. फोन करायला लाज वाटली."

कुशलने माइक सोबतच्या समालोचकाच्या हातात दिला. मैदानात दुसरं सत्र सुरू व्हायला पाच मिनिटं होती आणि आजवर त्याने सामना अर्ध्यात कधी सोडला नव्हता. त्याने दिनानाथांना मंडपामागे, उजेडात नेलं आणि बाकावर बसवलं.

"रुमाल काढा," तो म्हणाला. वाकून त्याने सावकाश, सगळ्या बाजूंनी पाहिलं. बारीक लाल पुटकुळ्या होत्या, एक-दोन पुटकुळ्यांच्या टोकाला पू. काळं, जांभळं कुठेही नव्हतं. सगळीकडे हळूच बोट लावून विचारलं. सगळीकडे कळत होतं.

"काळं कुठे दिसत नाही, कळतंयही सगळीकडे. माझ्यासारखं नाही वाटत हे," तो म्हणाला. "पण नक्की काय ते डॉक्टर सांगतील, मी नाही. नखं लावू नका. उद्या दहा वाजता पालघरला. मी येतो तुमच्याबरोबर."